खांबामागचे भोवरे

पावसाळ्यात पुलाच्या कठड्याशी उभे राहून खालच्या पाण्याकडे घटकाभर पाहिले नाही, असा माणूस आपल्या भागात सापडायचा नाही. आमच्या कारंजा (घाडगे) तालुक्यातून कार नदी वाहते. नागपूर-अमरावती रस्त्याने तळेगावच्या पुढे गेले की वर्धा नदीचा मोठा पूल लागतो. पवनारला धाम नदीच्या पात्रात काळे खडक उघडे पडलेले दिसतात. कुठेही जा, पाणी वाहते आहे आणि त्याच्या वाटेत खांब, खडक किंवा झाडाचे खोड उभे आहे, म्हणजे एक गंमत दिसतेच. खांबाच्या मागे भोवरे पडतात. ते कसेही पडत नाहीत. एक डावीकडून सुटतो, मग एक उजवीकडून, पुन्हा एक डावीकडून. जणू कोणी ताल धरून त्यांना सोडतो आहे.

काही वर्षांपूर्वी वर्गात मी हा विषय काढला. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. हा मुलगा नाल्यापलीकडच्या गावाहून येणारा. दर पावसाळ्यात रपट्यावरून पाणी गेले की चार-पाच दिवस त्याची गैरहजेरी ठरलेली. तो म्हणाला, "सर, खांब मधोमध उभा आहे. पाणी दोन्ही बाजूंनी सारखं येतं. खांब हलत नाही. मग भोवरे पाळीपाळीनं का सुटतात? दोन्ही बाजूंनी एकदमच का नाही सुटत?"

प्रश्न साधा दिसतो, पण तो फार खोल आहे. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी शंभराहून अधिक वर्षे त्यावर डोके खाजवले आहे. त्याचे उत्तर नुसत्या कुतूहलासाठी हवे असे नाही. विजेच्या तारा, कारखान्यांची धुराडी आणि आपण रोज ओलांडतो ते पूल, ह्या सगळ्यांचे बरेवाईट त्या उत्तरात गुंतलेले आहे. आज आपण त्याचाच विचार करू.

पाणी काठ का सोडते?

आधी हे पाहू की भोवरा मुळात होतो कसा. मासा पाण्यातून जातो तेव्हा त्याच्यामागे फारशी खळबळ होत नाही, कारण त्याचे अंग शेपटीकडे हळूहळू निमुळते होत जाते. पाणी अंगाला धरून येते आणि शेपटीपाशी पुन्हा एक होते. पुलाचा गोल खांब, चौकोनी दगड, आपली तंगडी ह्या वस्तू तशा नाहीत. त्यांना आपण बोथट वस्तू म्हणू. त्यांची पाठ एकदम संपते.

खांबाला अगदी लागून असलेले पाणी खांबाला चिकटल्यासारखे असते. त्याचा वेग जवळजवळ शून्य असतो. त्यापासून थोडे दूर गेले की पाणी पूर्ण वेगाने वाहते. ह्या दोहोंमधला जो पातळ थर असतो, त्याला सीमास्तर म्हणतात. खांबाच्या पुढल्या अंगाला हा थर नीट वाहतो. मागच्या अंगाला वळताना मात्र त्याला वाढत्या दाबाविरुद्ध जावे लागते, म्हणजे चढ चढावा लागतो म्हणा ना. दमलेल्या बैलासारखी त्याची गत होते. चढ संपण्यापूर्वीच तो थांबतो, खांबाचा काठ सोडतो आणि बाहेर फेकला जातो. बाहेरून वेगाचे पाणी, आत थांबलेले पाणी, अशी ओढाताण झाली की ती सीमा गुंडाळली जाते. ही गुंडाळी म्हणजेच भोवरा.

एक अंक, चार अवस्था

आता एक प्रश्न. एरंडेल तेलात चमचा हळूच ओढला तर मागे भोवरे दिसतात का? नाही दिसत. तोच चमचा त्याच वेगाने पाण्यातून ओढा, लगेच दिसतात. म्हणजे नुसता वेग पुरेसा नाही. वस्तूची रुंदी आणि द्रवाचा दाटपणा हेही पाहावे लागते. दाटपणाला शास्त्रात श्यानता म्हणतात. १८८३ साली ऑसबोर्न रेनॉल्ड्स ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने नळीतल्या पाण्यावर प्रयोग करून दाखवले की ह्या गोष्टींचा मिळून एकच अंक मांडता येतो. वेगाला रुंदीने गुणायचे आणि श्यानतेने भागायचे. ह्याला रेनॉल्ड्स अंक म्हणतात. ह्यात मीटर, सेकंद काही उरत नाही, नुसता आकडा उरतो. म्हणून परातीतला प्रयोग आणि नदीतला खांब यांची तुलना करता येते.

पाण्यासाठी हिशोब अगदी सोपा आहे. वेग सेंटिमीटर दर सेकंदात घ्या, जाडी सेंटिमीटरमध्ये घ्या, दोहोंचा गुणाकार करा आणि त्याला १०० ने गुणा. झाला रेनॉल्ड्स अंक.

गोल खांबामागे ह्या अंकाप्रमाणे प्रवाहाच्या अवस्था बदलत जातात. अंक सुमारे ५ पेक्षा कमी असेल तर पाणी खांबाला सगळीकडून बिलगून जाते, भोवरा नाही. ५ च्या पुढे खांबामागे दोन भोवरे बसतात, एक डावा आणि एक उजवा, जुळ्या भावांसारखे. ते तिथेच फिरत राहतात, सुटत नाहीत. अंक सुमारे ४७ झाला की मामला पालटतो. जुळ्यांची जोडी डोलू लागते आणि एकेक भोवरा पाळीपाळीने सुटून वाहत जातो. पुढे सुमारे १९० पाशी ही शिस्तीची रांगही वेडीवाकडी होते. भोवऱ्याच्या उभ्या दांड्याला बाक येतात आणि प्रवाह अधिकाधिक गुंतागुंतीचा होतो. पुढे हजारांत आणि लाखांत अंक गेला तरी त्या गोंधळातून पाळीपाळीचा ताल बहुधा ऐकू येतच राहतो. दोन-तीन लाखांच्या आसपास तो काहीसा विस्कटतो. अमेरिकेतल्या अनातोल रोश्को यांनी १९६१ मध्ये दाखवले की अंक दशलक्षांत गेल्यावर तो पुन्हा ओळखू येतो.

पुराच्या नदीत खांब २ मीटर रुंद आणि वेग सेकंदाला २ मीटर धरला तर अंक ४० लाख होतो. ४७ कुठे आणि ४० लाख कुठे! म्हणून नदीवरच्या खांबामागे जुळे भोवरे स्वस्थ बसलेले तुम्हांला कधी दिसणार नाहीत.

शाळेत करून पाहा

शिक्षकबंधुभगिनींनी हा प्रयोग जरूर करावा. खर्च काही नाही. मोठी परात घ्या. तिच्यात दोन-तीन बोटे पाणी भरा आणि ते पूर्ण निवू द्या. वर चिमूटभर बारीक भुसा किंवा हळद भुरभुरा. आता खडूएवढी, म्हणजे सुमारे १ सेंटिमीटर जाडीची काडी उभी धरून पाण्यातून सरळ रेषेत ओढा. अर्धा मीटर अंतर दहा सेकंदांत तोडायचे. वेग झाला सेकंदाला ५ सेंटिमीटर, अंक ५००.

सुरुवातीला काडीमागे जुळे भोवरे दिसतील. मुलांना सांगा, डोळे मिटू नका. थोडे अंतर गेले की जोडी बिघडते, एक भोवरा मागे पडतो, मग दुसरा आणि मागे रांग उमटत जाते. एका बाजूचे लागोपाठचे दोन भोवरे साधारण चार-पाच सेंटिमीटरांवर असतील. दुसऱ्या बाजूचे भोवरे त्यांच्या मधल्या जागेसमोर येतील, सरीवर कपाशी लावताना आपण एकाआड एक टोबतो, तसे. मग हाच प्रयोग वाटीभर एरंडेलात करा. श्यानता पाण्याच्या कित्येक शेकडो पट असल्यामुळे अंक एकाच्या आसपास येतो आणि भोवरे नाहीसे होतात.

शक्य असणे वेगळे, टिकणे वेगळे

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. सगळे दोन्ही बाजूंनी सारखे असताना भोवरे एकाआड एक का?

ह्याचे मर्म असे आहे. प्रवाहाची जी समीकरणे आहेत, त्यांना डावे-उजवे तंतोतंत सारखे असलेले, न डोलणारे उत्तर मोठ्या अंकालाही मिळते. म्हणजे जुळे भोवरे स्वस्थ बसून राहणे गणिताला मान्य आहे. पण एखादी गोष्ट शक्य असणे वेगळे आणि ती टिकणे वेगळे. वाटीत गोटी ठेवा, धक्का द्या, ती हेलकावे खाऊन पुन्हा तळाशी येते. वाटी उपडी करून तिच्या माथ्यावर गोटी ठेवा. अगदी नेमकी ठेवली तर तीही उभी राहील. पण एक फुंकर, की गेली घसरून. पहिली स्थिती स्थिर, दुसरी अस्थिर. तसेच मुलांच्या खेळातल्या भोवऱ्याचे. तो वेगात फिरतो तोवर ताठ उभा असतो, मंदावला की डुलू लागतो. पाण्याच्या प्रवाहाचे नेमके उलटे आहे. तो मंद असतो तोवर स्थिर, वेग वाढला की डुलणारा.

मग स्थैर्य मोजायचे कसे? रीत साधी आहे. न डोलणारा प्रवाह धरायचा. त्याच्यात कल्पनेने अगदी बारीकसा बिघाड करायचा, डाव्या भोवऱ्याला केसभर मोठे करायचे म्हणा. आणि पाहायचे की हा बिघाड काळाबरोबर वाढतो की घटतो. हे सावकाराच्या खात्यासारखे आहे. दर कालखंडाला बिघाड काही टक्क्यांनी घटत असेल, तर कितीही वेळा धक्का दिला तरी शेवटी शिल्लक शून्य. पण तो टक्क्यांनी वाढत असेल, तर ते चक्रवाढ व्याज होय. सुरुवातीचे कर्ज एक पैसा असले तरी शेवटी घर बुडते. नदीत असा एक पैशाचा बिघाड नेहमीच हजर असतो. वाऱ्याची झुळूक, वाहते पान, वाळूचा कण, काहीही पुरते. म्हणून अंक ४७ च्या खाली असताना असे बिघाड विरून जातात आणि वर गेल्यावर वाढत जातात.

एकाआड एक का, तेही समजून घेऊ. समजा डावा भोवरा थोडा मोठा झाला. मोठा झाला की तो पलीकडच्या बाजूचे पाणी आपल्याकडे ओढतो. पण उजवीकडचे पाणी उलट्या दिशेने फिरणारे असते. ते मध्ये शिरले की डाव्या भोवऱ्याची रसद तुटते आणि तो सुटून वाहून जातो. तो गेला की उजव्याला मोकळीक मिळते. तो वाढतो, डावीकडचे पाणी ओढतो आणि त्याचीही तीच गत होते. एकाचे वाढणेच दुसऱ्याला बोलावते आणि दुसऱ्याचे येणे पहिल्याला निरोप देते. जेरार्ड ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९६६ मध्ये ही उपपत्ती मांडली. आमच्या विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले, की बाबा रे, दोन्ही बाजू सारख्या असणे हीच तिथे न टिकणारी गोष्ट आहे.

हट्टी पाण्याची गोष्ट

ह्या शोधामागे एक मजेदार गोष्ट आहे. जर्मनीतल्या गॉटिंगेन विद्यापीठात लुडविग प्रांट्ल हे प्रवाहशास्त्राचे मोठे आचार्य होते. सीमास्तराची कल्पना त्यांचीच, १९०४ सालची. त्यांचा हिमेंट्स नावाचा विद्यार्थी पाण्याच्या पाटात गोल नळी उभी करून तिच्यावरचा दाब मोजत होता. पण पाणी स्वस्थ राहीना, डोलतच राही. गुरुजी म्हणाले, तुझी नळी नीट गोल नसेल. त्याने नळी घासून गोल केली, तरी तेच. मग पाट दोन्ही बाजूंनी सारखा नसेल असे ठरले, तोही दुरुस्त केला, तरी तेच. त्याच प्रयोगशाळेत थिओडोर फॉन कार्मान हा तरुण हंगेरियन सहायक होता. तो रोज सकाळी विचारी, आज तरी पाणी थांबले का? बिचारा हिमेंट्स मान हलवी.

कार्मानच्या मनात आले, की इतके करूनही पाणी ऐकत नाही, तर दोष नळीचा नसावा. हा पाण्याचा स्वभावच असावा. १९११ मध्ये त्याने गणित मांडले. भोवऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर असतील तर ती रचना टिकत नाही. एकाआड एक असतील, तरीही रांगांमधले अंतर आणि एका रांगेतल्या लागोपाठच्या भोवऱ्यांमधले अंतर यांचे प्रमाण सुमारे ०.२८ असेल तरच ती टिकते. म्हणजे भोवरे शंभर बोटे अंतरावर, तर रांगा अठ्ठावीस बोटे अंतरावर. फ्रान्समध्ये आंरी बेनार यांनी १९०८ मध्ये ह्या रांगांची निरीक्षणे प्रसिद्ध केली होती. तरी जगात नाव झाले ते कार्मानचे.

मला ह्या गोष्टीतून जे शिकण्यासारखे वाटते ते असे. हिमेंट्सने नळी घासण्यात दिवस घालवले आणि ते वाया गेले नाहीत. आपल्या हातून चूक झालेली नाही, हे आधी पक्के केले, म्हणून तर निसर्गाचे म्हणणे ऐकू आले.

अगोदर सांगता येते काय?

कार्मानने रांग कधी टिकते ते सांगितले. पण ती सुरू कधी होईल, हे आधीच सांगणे फार कठीण होते, कारण हिशोब अवाढव्य. संगणक आल्यावर ते जमले. १९८७ मध्ये जॅक्सन ह्या शास्त्रज्ञाने गणिताने दाखवले की गोल वस्तूमागचे डोलणे ४६-४७ ह्या अंकापाशी सुरू होते. प्रयोगात मिळणारा आकडाही तोच. वस्तूचा आकार बदलला की हा आकडा बदलतो. चेंडूसारख्या गोळ्यामागे सुमारे २१० पाशी प्रवाह एका अंगाला कलतो आणि २७० च्या पुढेमागे डोलू लागतो.

१९९० मध्ये आपल्याकडून अमेरिकेत गेलेले कटेपल्ली श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी स्ट्रायकोव्स्की यांनी एक नवल दाखवले. नळीच्या मागे, किंचित बाजूला, एका नेमक्या जागी बारीकशी तार धरली, तर भोवरे सुटणेच बंद पडते! ४७ ला होणारे डोलणे अंक ८० पर्यंत रोखता आले. मोठ्या नळीला एवढीशी तार कशी आवरते? कारण डोलण्याचे मूळ नळीत नसते. ते तिच्या मागे, जिथे पाणी उलटे फिरते त्या लहानशा जागेत असते. वाहत्या पाण्यात शाईचा थेंब टाका, तो वाहून जाईल. उलट्या फिरणाऱ्या पाण्यात टाका, तो तिथेच घुटमळेल. बिघाडाचेही तसेच. घुटमळला की वाढायला त्याला सवड मिळते. ती जागा मोडली, की खोड मोडली.

पण ह्या भाकिताला मर्यादा आहे, तीही सांगतो. बिघाड वाढू लागेल की नाही, हे हा हिशोब अचूक सांगतो. पण बिघाड मोठा झाला की तो मूळ प्रवाहालाच बदलून टाकतो आणि व्याजाचा दर आपोआप शून्यावर येतो. म्हणून भोवरे अमर्याद वाढत नाहीत, एका मापाला स्थिरावतात. ह्या स्थिरावलेल्या डोलण्याचा ताल मूळच्या न डोलणाऱ्या प्रवाहावरून काढला तर चुकतो. प्रत्यक्षातल्या सरासरी प्रवाहावरून काढला तर बरोबर येतो, असे बार्कली यांनी २००६ मध्ये दाखवले. म्हणजे आजारी पडेल की नाही हे जुन्या तब्येतीवरून सांगता येते, पण दुखणे किती बळावेल ते आजच्या नाडीवरूनच कळते.

तारेचे गाणे, मनोऱ्याचे डोलणे

भोवऱ्यांचा ताल मोजण्याची एक सोपी रीत मात्र फार जुनी आहे. १८७८ मध्ये स्ट्रोहल ह्या चेक शास्त्रज्ञाने वाऱ्यात गाणाऱ्या तारांचा अभ्यास केला. वेगाला जाडीने भागा आणि त्याचा पाचवा हिस्सा घ्या, म्हणजे सेकंदाला किती वेळा डोलणे होते ते ढोबळमानाने मिळते. ३ मिलिमीटरच्या तारेवर सेकंदाला ६ मीटर वारा आला तर ताल ४०० चा. तो आपल्या कानाला चांगला ऐकू येतो. पूर्वी तारायंत्राच्या खांबाला कान लावून आपण जे गाणे ऐकत असू, ते ह्या भोवऱ्यांचेच.

मोठ्या दाबाच्या विजेच्या तारा शेतातून जातात. त्यांच्या आधाराजवळ व्यायामाच्या डंबेल्ससारखी छोटी वजने टांगलेली तुम्ही पाहिली असतील. ती शोभेसाठी नाहीत. ३ सेंटिमीटरच्या तारेवर सेकंदाला ३ मीटरची मंद झुळूक आली तरी ती सेकंदाला २० वेळा थरथरते. वर्षानुवर्षे असे झाले की धातू थकतो आणि आधारापाशी तुटतो. ती वजने थरथर स्वतःवर घेऊन जिरवतात. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या जॉर्ज स्टॉकब्रिज यांनी ही युक्ती काढली. उंच पोलादी धुराड्यांच्या माथ्याला नागमोडी पट्टी गुंडाळलेली असते, तिचेही काम तेच. भोवरे सगळ्या उंचीवर एकाच तालात सुटू नयेत, म्हणून.

इथे शिक्षकांना एक सावधगिरीची सूचना. अमेरिकेतला टॅकोमा पूल ७ नोव्हेंबर १९४० रोजी वाऱ्याने पिळवटून पडला. तो कार्मानच्या भोवऱ्यांमुळे पडला असे काही पुस्तकांत छापलेले असते. हिशोब मात्र जुळत नाही. त्या वाऱ्यात भोवऱ्यांचा ताल सेकंदाला सुमारे एक निघतो आणि पूल तर पाच सेकंदांत एकदा पिळवटत होता. पुलाच्या स्वतःच्या हलण्यानेच वाऱ्याचा जोर वाढत गेला, हे खरे कारण. उलट इंग्लंडमध्ये फेरीब्रिज येथील वीजकेंद्राच्या आठ शीतमनोऱ्यांपैकी तीन १ नोव्हेंबर १९६५ च्या वादळात पडले. त्यात पुढल्या मनोऱ्यांमागून आलेल्या खवळलेल्या वाऱ्याचा हात होता.

पायाखालची वाळू

आता घरच्या गोष्टीकडे येऊ. नदीच्या उथळ पाण्यात वाळूवर उभे राहा. क्षणभरात टाचेखालची वाळू सरकू लागते आणि पाय खचतो. लहानपणी ह्याची आपल्याला मजा वाटे. हे का होते? पायावर आदळलेले पाणी पुढच्या अंगाला खाली वळते आणि तळाशी घोड्याच्या नालेसारखा भोवरा करून पायाला वळसा घालते. तो वाळू उकरतो. मागे पाळीपाळीने सुटणारे उभे भोवरे ती वाळू उचलून पुढे नेतात. पुलाचा खांब म्हणजे नदीने वाळूत रोवलेला असाच एक पाय. तिथे जे होते त्याला तळ खरवडणे म्हणतात. वाहत्या नद्यांवरचे पूल पडण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

ह्या विषयाचे मोठे काम आपल्याच महाराष्ट्रात झाले. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६ मध्ये मुंबई इलाख्याने त्याची सुरुवात केली. तिथे नद्यांच्या लहान प्रतिकृती करून त्यांत पाणी सोडून पाहतात. तिथले संचालक क्लॉड इंग्लिस यांनी अनेक पुलांच्या खांबांपाशी पुरात झालेली खोली ताडून पाहिली आणि तिचा मेळ लेसी यांच्या सूत्राशी घातला. निष्कर्ष असा, की खांबापाशी तळ साधारण सूत्राने येणाऱ्या खोलीच्या दुप्पट खोल जाऊ शकतो. त्यांचा नद्या व कालव्यांवरचा ग्रंथ १९४९ मध्ये पुण्याहून निघाला. आजही आपल्याकडे पुलाचा पाया किती खोल न्यावा, हे ठरवताना हा दुपटीचा नियम वापरतात. मुलांना घेऊन एस. टी. पुलावरून जाते, ती असल्या आकड्यांच्या भरवशावर.

हे आकडे बेपर्वाईने घ्यायचे नसतात, ह्याची आठवण महाडने करून दिली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा रस्त्यावरचा सावित्री नदीचा इंग्रजांच्या काळातला दगडी पूल पुरात कोसळला. अंधारात दोन एस. टी. गाड्या आणि इतर वाहने नदीत गेली, अनेक माणसे दगावली. जून २०१७ मध्ये तिथे नवा पूल खुला झाला, पण गेलेली माणसे परतली नाहीत. अशा घटनेचे एकच कारण सांगून मोकळे होणे बरोबर नव्हे. पण एक गोष्ट प्रत्येक जुन्या पुलाला लागू आहे. वरचा रस्ता धडधाकट दिसतो आणि बिघाड पाण्याखाली, अंधारात होतो.

आणखी एक फसगत ध्यानात ठेवा. पूर चढताना खांबापाशी खड्डा पडतो. पूर उतरताना त्याच खड्ड्यात मऊ गाळ भरून येतो. उन्हाळ्यात जाऊन पाहिले तर तळ सपाट दिसतो आणि आपण म्हणतो, सगळे ठीक आहे. पण तो गाळ भरीव नसतो, पुढच्या पुरात पहिल्या तासाला निघून जातो. म्हणून गावच्या पुलाच्या खांबाशेजारी दगडी पिचिंग उखडलेले, पायाचा काँक्रीटचा भाग उघडा पडलेला किंवा कठडा एका जागी किंचित झुकलेला दिसला, तर ते ग्रामपंचायतीला आणि बांधकाम खात्याला लेखी कळवा. तारीख घाला. पुढच्या वर्षी पुन्हा पाहा.

आणि रपट्यावरून पाणी जात असेल तेव्हा? गुडघाभर तर आहे, असे म्हणून कोणी पाय टाकू नये. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. तुमचा पाय ही तिथे एक बोथट वस्तू आहे. १२ सेंटिमीटरच्या पायाला सेकंदाला २ मीटरचे पाणी एका सेकंदात तीन वेळा डावीउजवीकडे हिसके देते आणि रपट्याची फरशी खाली खरवडून गेली आहे की नाही, हे गढूळ पाण्यातून दिसत नाही.

त्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगून पुरी करतो. पुढच्या पावसाळ्यात तो असाच अडकला. पण ह्या खेपेला त्याने वेळ फुकट घालवला नाही. पाणी ओसरत आल्यावर काठावर उंच, सुरक्षित जागी उभा राहून त्याने पुलाच्या एका खांबावर नजर ठेवली. खांब सुमारे सव्वा मीटर रुंद. वाहती काडी दहा मीटर अंतर दहा सेकंदांत जाते, म्हणजे वेग सेकंदाला एक मीटर. हिशोबाने डोलण्याचा काळ सव्वासहा सेकंद यायला हवा. त्याने दहा डोलणी मोजली, सत्तर सेकंद लागले, म्हणजे सात सेकंद. वर्गात येऊन तो खट्टू होऊन म्हणाला, "सर, चुकलं." मी म्हटले, "चुकलं नाही. तुझा खांब लांबट आहे, सूत्र गोल खांबाचं आहे. फरक का पडला ते शोध." तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. त्याच्या मागच्या बाजूला त्याने आणखी एक ओळ लिहिली होती. खांबाच्या पायाशी दोन मोठे दगड गेल्या वर्षी होते, ते ह्या वर्षी नाहीत. तो कागद दाखवून आम्ही अर्ज केला आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथे नवे दगड पडले.

श्रोतेहो, पाणी खांबामागे काय लिहिते आहे ते वाचायला फार मोठे यंत्र लागत नाही. एक घड्याळ, एक वाळकी काडी आणि थोडा धीर एवढे पुरे. यंदा पूर आला की काठावरूनच, पण नीट पाहा.